धनुष्याने शिकार करणाऱ्याच्या छातीवर पिस्तूल कशासाठी?

अमेरिकेच्या पश्चिमेकडील मोंटाना, वायोमिंग आणि आयडाहो या राज्यांत सप्टेंबरच्या सुमारास धनुष्यबाणाने एल्कची शिकार करण्याचा हंगाम असतो. एल्क हा आपल्या सांबराच्या कुळातला, पण त्याहून थोराड प्राणी आहे; पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या पुढेही जातो. त्याच्या मागावर डोंगरात शिरणाऱ्या अनेक शिकाऱ्यांच्या हातात धनुष्य असते आणि त्याच वेळी छातीवर किंवा कमरेला पिस्तूल बांधलेले असते. ज्याच्याजवळ बंदूक आहे तो बाण कशाला वापरतो आणि ज्याने बाण पत्करला आहे त्याला बंदूक कशाला हवी, असा प्रश्न हे दृश्य पाहणाऱ्याला पडणे साहजिक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्या यांमुळे भारतात शिकार जवळजवळ संपूर्णपणे बंद आहे, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना या प्रश्नाची पार्श्वभूमी ठाऊक नसते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसांना मात्र कधी सहकाऱ्याच्या आग्रहावरून, तर कधी मुलाने परवाना काढल्यावर या विषयाला सामोरे जावे लागते.

धनुष्यबाणाचा हंगाम बंदुकीच्या हंगामापासून वेगळा का ठेवलेला असतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. रायफलची गोळी दोन-तीनशे मीटरवरून सावज पाडू शकते, तर आधुनिक कंपाउंड (टोकांना कप्प्या असलेले) धनुष्य वापरणाऱ्यालाही बहुधा वीस ते चाळीस मीटरच्या आत पोहोचावे लागते. यश मिळण्याची शक्यता इतकी कमी असल्यामुळे राज्यांचे वन्यजीव विभाग धनुर्धाऱ्यांना स्वतंत्र आणि सहसा अधिक अनुकूल दिवस देतात. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये असा हंगाम पहिल्यांदा सुरू केला आणि पुढे ही पद्धत देशभर पसरली. या सवलतीची अट एकच असते, ती म्हणजे सावज बाणानेच पाडले पाहिजे. जखमी एल्कला पिस्तुलाच्या गोळीने संपवणे हा या हंगामात नियमभंग ठरतो. काही राज्यांनी धनुर्धाऱ्याला कोणतेही अग्निशस्त्र जवळ बाळगायला एके काळी मनाई केली होती, तिचे मूळ पिस्तुलाचा असा वापर होईल या शंकेत होते. अलीकडे कल बदलला असून स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगण्याची मुभा अनेक ठिकाणी मिळते; तरीही नियम राज्यागणिक वेगळे आहेत आणि ते बदलतही असतात. म्हणून ज्या राज्यात जायचे आहे तेथील त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय घर सोडू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. धनुर्धारी जे जे चांगले करतो, तेच त्याला अस्वलाच्या तोंडी देऊ शकते. ग्रिझली, म्हणजे उत्तर अमेरिकेतील तपकिरी अस्वलांच्या मुलुखात फिरणाऱ्यांना दिला जाणारा नेहमीचा सल्ला असा असतो की घोळक्याने जावे, बोलत राहावे, टाळ्या वाजवाव्यात, अंधार पडण्याआधी परतावे आणि दाट झुडपांत शिरू नये, कारण अस्वलाला माणसाची चाहूल आधी लागली तर ते बहुधा स्वतःहून वाट सोडते. धनुष्याने शिकार करणारा नेमके याच्या उलट वागतो. तो एकटा किंवा फार तर दोघे मिळून जातो, रानाच्या रंगात मिसळणारे कपडे घालतो, अंगाचा वास दडवतो, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पाऊल न वाजवता चालतो आणि पहाटेच्या व संध्याकाळच्या अंधुक उजेडात दाट झाडीच्या कडेला दबा धरून बसतो. सप्टेंबर हा एल्कच्या माजाचा काळ असल्यामुळे तो तोंडात धरलेल्या छोट्या साधनाने मादीचा किंवा लांब नळीतून नराचा आवाजही काढतो. त्या आवाजावर एल्क येतो तसे सावजाच्या शोधात असलेले अस्वलही येऊ शकते. हिवाळी झोपेआधी चरबी साठवण्यासाठी अस्वलांची खा-खा याच दिवसांत शिगेला पोहोचलेली असते आणि एक ग्रिझली या काळात दिवसाला वीस हजार कॅलरीपर्यंत अन्न पोटात घालू शकते.

अशा स्थितीत झाडीच्या वळणावर शिकारी आणि पिल्लांची आई पंधरा-वीस मीटरवर समोरासमोर येतात. ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावू शकते, म्हणजे सेकंदाला साधारण पंधरा मीटर. पुढचा सगळा विचार एक-दीड सेकंदाच्या या हिशेबावर उभा आहे आणि कोणत्या बनावटीचे पिस्तूल चांगले या वादात पडण्याआधी प्रत्येकाने तो मनात पक्का करावा, असे मला वाटते. शिकाऱ्याच्या डाव्या हातात धनुष्य असते आणि उजव्या मनगटाला प्रत्यंचा सोडण्याचे यंत्र पट्ट्याने बांधलेले असते. हातातल्या धनुष्याचा अशा वेळी काहीही उपयोग नसतो, कारण बाण रक्तस्रावाने मारतो. वर्मी लागलेला बाणसुद्धा जनावराला त्याच क्षणी थांबवत नाही, आणि चाल करून आलेल्या अस्वलाच्या बाबतीत त्या क्षणाखेरीज दुसरे काही महत्त्वाचे नसते.

बाण लागल्यानंतरचा काळ त्याहूनही धोक्याचा असतो. एल्कला बाण लागला की शिकारी अर्धा तास किंवा अधिक थांबतो आणि मग खाली मान घालून रक्ताचा माग काढत जातो. संध्याकाळी बाण सोडला असेल तर हा शोध रात्री विजेरीच्या उजेडात किंवा दुसऱ्या सकाळी करावा लागतो, आणि तोपर्यंत ते जनावर अस्वलाने आपले मानलेले असू शकते. त्यानंतर कातडी सोलणे, मांस वेगळे करणे आणि ते वाहून नेणे यांत कित्येक तास जातात. या सगळ्या वेळात माणूस ओणवा असतो, दोन्ही हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले असतात आणि लक्ष सुरीच्या टोकावर असते.

सप्टेंबर २०१८ मध्ये वायोमिंगच्या वायव्य भागातील टीटन अभयारण्यात नेमके हेच घडले. एका व्यावसायिक मार्गदर्शकाच्या सोबतीने आलेल्या शिकाऱ्याने आदल्या दिवशी एल्कला बाण मारला होता. दुसऱ्या दिवशी दोघांना तो मेलेला सापडला आणि ते मांस काढत असताना एक ग्रिझली मादी तिच्या वाढत्या पिल्लासह येऊन थेट तुटून पडली. मार्गदर्शकाचे पिस्तूल त्या वेळी अंगावर नव्हते, ते थोड्या अंतरावर ठेवलेल्या सामानाजवळ होते. सोबतच्या शिकाऱ्याने ते उचलले, पण त्याला गोळी झाडता आली नाही. त्याने ते मार्गदर्शकाच्या दिशेने फेकले, पण तेही त्याच्यापर्यंत पोहोचले नाही. शिकारी जखमी अवस्थेत निसटून मदत आणायला गेला. मार्गदर्शक मात्र वाचला नाही. मार्गदर्शकाने जवळचा मिरचीचा फवाराही वापरल्याचे चौकशीत दिसून आले. पिस्तूल हवे की फवारा, या वादात दोन्ही बाजू या घटनेचा दाखला देतात. मला तिच्यातून एवढेच ठामपणे म्हणता येते की सामानाजवळ ठेवलेले हत्यार नसल्यासारखेच असते आणि जे हत्यार दोघांपैकी एकालाच चालवता येते त्याच्यावर दोघांची मदार ठेवता येत नाही.

मिरचीच्या फवाऱ्याची, म्हणजे तिकडे ज्याला बेअर स्प्रे म्हणतात त्याची, ओळख येथे करून दिली पाहिजे. माणसांपासून बचावासाठी पर्समध्ये ठेवतात तो छोटा डबा वेगळा. अस्वलांसाठीचा फवारा केंद्रीय पर्यावरण संस्थेकडे नोंदवलेला असतो, त्यात मिरचीतील तिखट घटकांचे प्रमाण एक ते दोन टक्के असते आणि खटका दाबताच सात-आठ मीटर किंवा त्याहून लांब नारिंगी ढग काही सेकंद उठत राहतो. त्याचा मोठा गुण असा की बारीक नेम धरावा लागत नाही. धावत येणाऱ्या जनावराच्या आणि आपल्या मध्ये, किंचित खालच्या बाजूला, ढगाची भिंत उभी केली तरी पुरते. या फवाऱ्याच्या प्रसाराशी धनुष्यशिकारीचाच संबंध आहे. मार्क मॅथेनी हे १९९२ मध्ये मोंटानात धनुष्याने शिकार करत असताना पिल्लांच्या आईने त्यांच्यावर हल्ला केला, सोबत्याजवळच्या मिरचीच्या छोट्या फवाऱ्याने त्यांची सुटका झाली आणि त्यानंतर त्यांनी अस्वलांसाठीचे फवारे बनवणारी कंपनी काढली.

या दोन्ही साधनांचा अभ्यास झालेला आहे. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातील १९८५ ते २००६ या काळातील फवाऱ्याच्या ८३ घटना तपासून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत फवाऱ्याने ९२ टक्के वेळा अस्वलाचे नको असलेले वर्तन थांबवले होते आणि फवारा जवळ असलेल्या माणसांपैकी ९८ टक्के माणसांना इजा झाली नव्हती. त्याच चमूतील संशोधकांनी २०१२ मध्ये अलास्कातील अग्निशस्त्रांच्या २६९ घटनांचा अभ्यास मांडला. त्यात पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर ८४ टक्के आणि लांब बंदुका ७६ टक्के वेळा यशस्वी ठरल्याचे दिसले. परंतु ज्यांच्याजवळ बंदूक होती त्यांच्यापैकी ती वापरलेल्या आणि न वापरलेल्या माणसांच्या इजांमध्ये फरक आढळला नाही. चाप ओढायला वेळ न मिळणे, सुरक्षेचा खटका लागलेलाच राहणे, नेम चुकणे आणि अस्वल अंगाशी भिडल्यामुळे शस्त्र वळवता न येणे अशी बंदूक निकामी ठरण्याची कारणे होती.

हे आकडे शेजारी ठेवून ९२ हे ८४ पेक्षा मोठे, असा निकाल देण्याची घाई पुष्कळ जण करतात आणि ते योग्य नाही. फवाऱ्याच्या घटनांत चाल करून आलेल्या अस्वलांबरोबरच नुसती उत्सुकतेने जवळ आलेली अस्वलेही मोजलेली आहेत, तर बंदुकीच्या घटनांत गंभीर प्रसंगांचा भरणा अधिक आहे, कारण ज्या प्रसंगात काही विपरीत घडले त्याचीच नोंद मागे राहण्याचा संभव असतो. मला या अभ्यासांतून घेण्यासारखी गोष्ट वेगळी वाटते. फवारा पहिल्यांदाच हाती धरणारा माणूसही थोड्या सरावाने तो नीट वापरू शकतो, तर पिस्तुलाचे यश जवळजवळ सर्वस्वी ते धरणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. वारा तोंडावर येत असेल, मुसळधार पाऊस असेल किंवा आपण तंबूच्या आत असू, तेव्हा फवाऱ्याला मर्यादा पडतात आणि तेथे पिस्तुलाची बाजू उजवी ठरते. म्हणून अनुभवी धनुर्धारी दोन्ही जवळ ठेवतात आणि कोणत्या प्रसंगी हात कुठे जाईल हे आधीच ठरवतात. नवख्या माणसाने दोहोंपैकी एकच घ्यायचे असेल तर फवारा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एक इशारा मात्र दिलाच पाहिजे: हा फवारा डासांच्या औषधासारखा अंगावर किंवा तंबूवर मारून ठेवायचा नसतो. जमिनीवर पडून राहिलेला त्याचा अंश अस्वलांना उलट आकर्षित करतो, असे स्मिथ यांनीच दाखवले आहे.

पिस्तूल घ्यायचेच ठरले तर कोणते, यावर शिकाऱ्यांच्या शेकोट्यांभोवती रात्री जागवल्या जातात. अनेक वर्षे .४४ मॅग्नम जातीच्या रिव्हॉल्व्हरला पर्याय नाही असे मानले जाई. त्याची गोळी जड असते आणि खोल जाते. परंतु त्यात पाच-सहाच काडतुसे मावतात आणि त्याचा धक्का इतका असतो की दुसरी गोळी नेमाने झाडायला बराच सराव लागतो. डोंगर चढणाऱ्यांच्या सोयीसाठी हलक्या धातूची रिव्हॉल्व्हर निघाली, पण वजन जितके कमी तितका धक्का जास्त, त्यामुळे हौसेने घेतलेले असे रिव्हॉल्व्हर सरावाविना कपाटात पडून राहते. अलीकडे १० मिलिमीटरच्या स्वयंचलित पिस्तुलांकडे ओढा वाढला आहे. ग्लॉक २० या पिस्तुलात पंधरा काडतुसे मावतात आणि ग्रीनलंडमध्ये ध्रुवीय अस्वलांच्या प्रदेशात कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून गस्त घालणारे डॅनिश सैनिकही तेच वापरतात. स्वयंचलित पिस्तुलाचा एक दोष जाणून घ्यावा: अस्वल अंगावर असताना नळी त्याच्या शरीरावर दाबली गेली तर वरचा सरकता भाग मागे ढकलला जाऊन पिस्तूल झडतच नाही, असे होऊ शकते. रिव्हॉल्व्हरला ही अडचण येत नाही. अलास्कातील एका मुरलेल्या मार्गदर्शकाने २०१६ मध्ये ९ मिलिमीटरच्या साध्या पिस्तुलाने चाल करून आलेले तपकिरी अस्वल मारले होते. शस्त्राच्या आकारापेक्षा हात किती बसलेला आहे याला महत्त्व आहे, हे त्या प्रसंगातून दिसते. पण तसा हात बसायला त्याच्याइतका अनुभव लागतो.

गोळीच्या निवडीत नवखे लोक हमखास चुकतात. माणसांपासून बचावासाठी विकल्या जाणाऱ्या पोकळ टोकाच्या गोळ्या शरीरात शिरताच फुलतात आणि लवकर थांबतात. अस्वलाचा दाट केसांचा, चरबीचा, स्नायूंचा आणि जाड हाडांचा थर भेदून मेंदूपर्यंत किंवा मणक्यापर्यंत पोहोचायचे असेल तर न फुलणारी, कठीण शिशाची, सपाट टोकाची गोळी लागते. ती आपल्या पिस्तुलातून न अडकता सुटते ना, हे घरी असतानाच पडताळले पाहिजे.

पिस्तूल अंगावर कुठे बांधायचे हा धनुर्धाऱ्याचा खास प्रश्न आहे आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. पाठीवरच्या मोठ्या पिशवीचा पट्टा कमरेवर घट्ट आवळलेला असतो, त्यामुळे कमरेचे नेहमीचे होल्स्टर (पिस्तूल ठेवायचे म्यान) त्याखाली दबते आणि ऐन वेळी हात अडतो. म्हणून बहुतेक जण ते छातीवर तिरपे बांधतात, परंतु दुर्बिणीची पिशवीही तेथेच असते आणि मुख्य म्हणजे धनुष्य ओढून सोडले की प्रत्यंचा छातीच्या अगदी जवळून जाते. ती होल्स्टरच्या कडेला किंवा पिस्तुलाच्या मुठीला निसटती जरी घासली तरी बाण भलतीकडे जातो. यावर उपाय एकच आहे: ज्या जाकिटात, ज्या पिशवीसकट आणि ज्या दुर्बिणीसह रानात जायचे आहे, तो सगळा जामानिमा अंगावर चढवून घरामागे बाण सोडून पाहायचे, उभ्याने, गुडघ्यावर बसून आणि उतारावर वाकूनही. कोणी मग होल्स्टर दुर्बिणीच्या पिशवीच्या खाली सरकवतात, तर कोणी पिशवीच्या कमरपट्ट्यालाच ते अडकवतात. या दुसऱ्या पद्धतीत पाठीवरून पिशवी उतरली की पिस्तूलही उतरते, आणि टीटनमधील प्रसंग आठवला तर ती पद्धत मी कोणाला सुचवणार नाही.

सरावातही धनुष्य हाती असलेच पाहिजे. धोका दिसताच महागडे धनुष्य जमिनीवर टाकून द्यायला मन धजत नाही, आणि त्यातच पाव-अर्धा सेकंद निघून जातो. रिकाम्या पिस्तुलाने, धनुष्य सोडून देऊन, होल्स्टरचा बंद उघडून नळी समोर आणण्याची क्रिया अंगवळणी पडेपर्यंत करावी लागते. तीच क्रिया फवाऱ्याच्या सरावाच्या डब्यानेही करावी. असे मिरचीविरहित डबे बाजारात मिळतात. मांस काढताना दोघांपैकी एकाने हातात सुरी न घेता फक्त आजूबाजूला पाहत उभे राहावे. मांस झाडीपासून दूर, मोकळ्या जागेत हलवता आले तर उत्तम. एल्कपाशी परत आल्यावर तो पालापाचोळ्याने किंवा मातीने झाकलेला दिसला तर अस्वलाने त्याच्यावर मालकी सांगितलेली असते, आणि मग कितीही कष्टाने मिळवलेले असले तरी ते मांस तेथेच सोडून आल्या वाटेने मागे फिरावे.

कायद्याची बाजू अनेकांना अनपेक्षित वाटते. अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील ग्रिझली १९७५ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या केंद्रीय कायद्याखाली संरक्षित आहे. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील अस्वलांचे हे संरक्षण २०१७ मध्ये काढण्यात आले होते, पण २०१८ मध्ये न्यायालयाने ते पुन्हा लागू केले. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या प्राणरक्षणासाठी ग्रिझली मारणे गुन्हा नाही, मात्र पाच दिवसांच्या आत अधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. त्यानंतर चौकशी होते, गोळ्या किती अंतरावरून आणि कोणत्या कोनातून लागल्या हे पाहिले जाते, आणि प्राणरक्षणाचा दावा खोटा ठरला तर मोठा दंड आणि कैदही होऊ शकते. नख किंवा दात आठवण म्हणून काढून घेणे हा वेगळा गुन्हा. अलास्कात अस्वलाला असे संरक्षण नाही, पण तेथेही प्राणरक्षणासाठी मारलेल्या अस्वलाचे नखांसकट कातडे आणि कवटी सरकारजमा करावी लागते. आपल्याकडील १९७२ च्या कायद्याच्या कलम ११ मध्येही सद्भावनेने केलेल्या प्राणरक्षणाला गुन्हा मानलेले नाही आणि मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरवलेला आहे. राष्ट्रीय उद्यानांत फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार शस्त्र बाळगता येते, परंतु यलोस्टोनमध्ये शिकारही करता येत नाही आणि गोळी झाडायलाही मनाई आहे. सीमेपलीकडे कॅनडात तर रानात संरक्षणासाठी पिस्तूल बाळगण्याची परवानगी सामान्य शिकाऱ्याला मिळत नाही. तेथील धनुर्धारी फवाऱ्यावर किंवा लांब बंदुकीवर भिस्त ठेवतात.

अमेरिकेत नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असलेल्या मराठी वाचकांनी आणखी एक गोष्ट काळजीपूर्वक ध्यानात घ्यावी. ज्यांच्याकडे कायम वास्तव्याचे कार्ड नाही, त्यांना तेथील केंद्रीय कायद्याने अग्निशस्त्र किंवा काडतुसे बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना असणे हा या मनाईला असलेला एक अपवाद आहे, पण परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो. मित्राचे पिस्तूल थोडा वेळ सांभाळणे हेसुद्धा बाळगण्यातच मोडू शकते आणि त्याचा परिणाम व्हिसावर होऊ शकतो. म्हणून अशा प्रवासाआधी वकिलाचा सल्ला घेणे हा खर्च वाया गेला असे समजू नये. फवाऱ्याला मात्र यातले काहीही लागू नाही. विमानाने जाणाऱ्याला पिस्तूल रिकामे करून, कुलूपबंद कडक पेटीत ठेवून आणि आधी जाहीर करून सामानात देता येते. अस्वलांसाठीचा फवारा हातातल्या सामानातही चालत नाही आणि तपासणीला दिलेल्या सामानातही चालत नाही. तो बोझमन, जॅक्सन किंवा कॅलिस्पेल अशा तिकडच्या विमानतळाच्या गावी उतरल्यावर दुकानातून विकत घ्यावा, डब्यावरची मुदतीची तारीख पाहावी, आणि परतीच्या विमानाआधी तो पुढे रानात जाणाऱ्या कोणाला तरी देऊन टाकावा.